अखेरची प्रत कोणती? कार्यालयाचे दप्तर पोर्टलवर नेताना

वेर्णा किंवा कुंडई औद्योगिक वसाहतीतील एखाद्या मध्यम आकाराच्या कारखान्याची कल्पना करावी. खरेदी विभाग सोमवारी कच्च्या मालाचे सुधारित दरपत्रक ईमेलने पाठवतो. मंगळवारी त्यात एक दुरुस्ती होते आणि ती घाईघाईत व्हॉट्सॲपच्या गटावर टाकली जाते. गोदामप्रमुखाने तोवर सोमवारची फाईल आपल्या संगणकावर उतरवून ठेवलेली असते. रात्रपाळीचा कारकून तर गेल्या महिन्याच्या छापील प्रतीवरूनच मागणी नोंदवतो. महिनाअखेरीस बिले जुळत नाहीत, तेव्हा तिघांच्याही हाती पुरावा असतो आणि तिघांचाही पुरावा आपापल्या जागी खरा असतो.

अशा प्रसंगानंतर व्यवस्थापनाला अंतर्गत पोर्टलची आठवण होते. कर्मचाऱ्यांनी एकाच ठिकाणी लॉगिन करावे, तेथेच परिपत्रके, कागदपत्रे, रजेचे अर्ज, प्रकल्पांच्या चर्चा आणि मंजुऱ्या सापडाव्यात, अशी ही व्यवस्था असते. कल्पना नवी नाही. लोटस नोट्स १९८९ मध्ये बाजारात आले, वॉर्ड कनिंगहॅम यांनी पहिले विकी १९९५ मध्ये सुरू केले आणि मायक्रोसॉफ्टचे शेअरपॉइंट २००१ मध्ये आले. आज झोहो, गुगल, मायक्रोसॉफ्ट यांच्या तयार सेवा आहेत, नेक्स्टक्लाउडसारखी मुक्तस्रोत प्रणालीही आहे. साधनांचा तुटवडा नाही. तरीही उद्घाटनानंतर काही महिन्यांतच ओस पडलेली पोर्टले अनेक कार्यालयांत आढळतात. मुख्यपृष्ठावर गेल्या गणेश चतुर्थीच्या शुभेच्छा तशाच झळकत असतात आणि कामकाज मात्र पूर्ववत व्हॉट्सॲपवर चालू असते.

याचे कारण बहुधा संगणकप्रणालीत नसते. प्रत्येक विषयाची मान्य प्रत कोणती आणि तिची जबाबदारी कोणाची, हे आधी ठरलेले नसते. ते ठरवण्याआधी उभारलेले पोर्टल म्हणजे चौथी प्रत ठेवण्याची आणखी एक जागा.

म्हणून सुरुवात कागदावर करावी. कार्यालयात वारंवार विचारली जाणारी वीस-पंचवीस कागदपत्रे लिहून काढावीत : दरपत्रक, सुट्ट्यांची यादी, प्रवासभत्त्याचे नियम, यंत्रदुरुस्तीची कार्यपद्धती, ग्राहकांशी झालेले करार. प्रत्येकापुढे एका पदाचे नाव लिहावे. 'लेखा विभाग' असे लिहून भागत नाही, कारण विभागाला फोन लागत नाही. 'मुख्य लेखापाल' असे लिहावे. कागदपत्र दर किती दिवसांनी तपासायचे तेही तेथेच नोंदवावे. ही यादी करताना जे वाद होतात तेच खरे काम असते. दोन विभाग एकाच दरपत्रकावर हक्क सांगत असतील, तर तो तंटा सॉफ्टवेअर बसवण्यापूर्वी मिटवलेला बरा.

त्यानंतर पोर्टलवर आणण्यासाठी एकच काम निवडावे, आणि ते कर्मचाऱ्यांच्या गरजेचे असावे. रजेचा अर्ज व शिल्लक रजा, पगाराची पावती, पाळ्यांचे वेळापत्रक यांपैकी काहीही चालेल. संचालकांचे मनोगत आणि छायाचित्रांचे दालन यांसाठी कोणी दुसऱ्यांदा लॉगिन करत नाही. ज्या कामासाठी माणसाला आठवड्यातून एकदा तरी यावेच लागते, त्या वाटेवर इतर गोष्टी मांडता येतात. कारखान्यात, हॉटेलच्या भटारखान्यात वा बंदरावर काम करणाऱ्यांपाशी संगणक नसतो, ईमेलचा पत्ताही नसतो. त्यांच्यासाठी पोर्टल साध्या मोबाइलवर, कमकुवत नेटवर्कवर उघडले पाहिजे. चाचणी वातानुकूलित सभागृहात घेण्यापेक्षा गोदामाच्या टोकाला उभे राहून घ्यावी.

परवानग्यांचा प्रश्न सर्वांत किचकट, आणि तो सहसा घाईत उरकला जातो. परवानगी व्यक्तीला न देता भूमिकेला द्यावी : 'खरेदी अधिकारी' या गटाला दरपत्रक बदलता येईल, 'गोदाम' गटाला ते केवळ पाहता येईल. माणूस बदलीवर गेला की त्याला एका गटातून काढून दुसऱ्यात घालायचे, इतकेच उरते. व्यक्तिगणिक दिलेल्या परवानग्यांची दोन वर्षांत अशी गुंतवळ होते, की कोणाला काय दिसते हे खुद्द संगणक विभागालाही सांगता येत नाही. नोकरी सोडणाऱ्याचे खाते त्याच्या शेवटच्या दिवशी बंद झालेच पाहिजे. मनुष्यबळ विभागाच्या निरोपाच्या कागदांत तो रकाना असावा. सर्व सेवांसाठी एकच लॉगिन आणि त्याला दुहेरी पडताळणी असेल, तर हे एका ठिकाणाहून साधते.

दुवा ज्याच्या हाती पडेल त्याला फाईल उघडता येईल, अशी सोय बहुतेक सेवांत असते. ती मुळातच बंद ठेवावी. अलीकडे याचे महत्त्व वाढले आहे. पोर्टलांना आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे मदतनीस जोडले जातात. विचारणाऱ्याला जे पाहण्याची परवानगी आहे, त्या साऱ्या फाईलींतून ते उत्तर शोधतात. पूर्वी चुकून सर्वांना खुली राहिलेली पगारपत्रकाची फाईल कोपऱ्यात पडून असे आणि कोणाच्या नजरेस येत नसे. आता एका साध्या प्रश्नावर ती समोर येऊ शकते. परवानगीतली जुनी चूक अशा वेळी उघडी पडते, त्यामुळे मदतनीस जोडण्यापूर्वी खुल्या फाईलींची झाडाझडती अटळ ठरते.

यापुढचा मुद्दा परदेशी मार्गदर्शिकांत सापडत नाही आणि येथील कार्यालयांना तो फार नडतो. तो म्हणजे देवनागरीतील शोध. पोर्टल यशस्वी झाले की नाही हे कर्मचारी शोधाच्या चौकटीवरून ठरवतात. दोनदा शोधून काही मिळाले नाही, तर तिसऱ्यांदा ते शेजारच्या टेबलावर विचारतात.

पहिली अडचण जुन्या टंकांची. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर श्रीलिपी, कृतिदेव अशा टंकांत टंकलिखित होत असे. अशा फाईलीत पडद्यावर देवनागरी दिसते, पण संगणकाच्या लेखी तेथे रोमन अक्षरे आणि चिन्हांची सरमिसळ असते. तो टंक नसलेल्या संगणकावर सगळा मजकूर अगम्य होतो. शोधयंत्रालाही तो तसाच दिसतो. सहकारी पतसंस्था, शिक्षणसंस्था, देवस्थान समित्या यांच्याकडे अशी दप्तरे मोठ्या प्रमाणावर असतात. ती पोर्टलवर चढवण्यापूर्वी परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणावी लागतात आणि त्यानंतर माणसाने वाचावी लागतात. जोडाक्षरे, रफार आणि आकडे येथे परिवर्तक हमखास चुकतो. ठरावातील रकमेचा एक आकडा बदलला तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. केवळ छायाचित्ररूपात असलेल्या कागदांसाठी अक्षरओळख करणारी टेसरॅक्टसारखी मुक्तस्रोत साधने मराठीलाही चालतात, परंतु त्यांचा निकाल मूळ प्रतीवर अवलंबून असतो. अस्पष्ट झेरॉक्सवर त्यांचीही मात्रा चालत नाही.

दुसरी अडचण युनिकोडमध्येही उरते. 'ॲप्रेंटिस' या शब्दातील पहिले अक्षर दोन प्रकारे लिहिले जाते. एक, 'ॲ' हे स्वतंत्र चिन्ह, जे युनिकोडमध्ये २००८ साली आले; दुसरे, 'अ' वर चंद्र देऊन केलेले 'अॅ'. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, संगणकाला ती भिन्न वाटतात. मनुष्यबळ विभागाने एका कळफलकावर केलेला अर्ज कर्मचाऱ्याने दुसऱ्या कळफलकावरून शोधला, तर 'काहीही आढळले नाही' असे उत्तर मिळू शकते. 'दऱ्या', 'पुऱ्या' यांतील 'ऱ' चीही दोन रूपे आहेत, पण युनिकोडने त्यांची समानता मान्य केली असल्याने प्रमाणीकरणाच्या नेहमीच्या प्रक्रियेत ती एकरूप होतात. 'ॲ' च्या बाबतीत तसे होत नाही. तेथे दोन्ही रूपे एकच मानण्याचा नियम शोधयंत्रात मुद्दाम घालावा लागतो. काम अर्ध्या दिवसाचे आहे, परंतु ते कंत्राटदाराला सांगावे लागते. मागितल्याशिवाय कोणी करून देत नाही.

पीडीएफची परीक्षा याहून सोपी आहे. फाईल उघडून मराठीतील एक परिच्छेद निवडावा आणि दुसरीकडे चिकटवावा. अक्षरे जशीच्या तशी उतरली तर ती शोधातही सापडेल. मात्रा-वेलांट्या विस्कटल्या तर ती फाईल शोधासाठी कुचकामी आहे, तिचा मूळ मसुदा मागवावा.

गोव्यात याला आणखी एक पदर आहे. एकाच कार्यालयात मराठी, इंग्रजी आणि हिंदी चालते, कोकणी देवनागरीत लिहिणारे असतात तसे रोमीतही लिहिणारे असतात. एकच कर्मचारी रजेसाठी कधी 'रजा' टंकतो, कधी 'लीव्ह'. म्हणून नेहमीच्या शब्दांची समानार्थी यादी शोधयंत्राला पुरवावी. ती यादी कोणी बसून रचण्याची गरज नाही. निष्फळ ठरलेल्या शोधांची नोंद पोर्टल ठेवते, ती दर महिन्याला वाचली की यादी आपोआप वाढत जाते. पोर्टलविषयी कर्मचाऱ्यांचे खरे मत जाणून घेण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

तयार सेवा घ्यावी की स्वतःच्या सर्व्हरवर प्रणाली बसवावी, हा प्रश्न नेहमी पहिल्या बैठकीत निघतो आणि तेथेच अडकतो. दोन्हींतील धोके गेल्या काही वर्षांत स्पष्ट दिसले आहेत. मेटा कंपनीने २०१६ मध्ये आणलेली 'वर्कप्लेस' ही कार्यालयीन सेवा बंद करत असल्याचे २०२४ च्या मे महिन्यात जाहीर केले. नेहमीच्या वापरासाठी ३१ ऑगस्ट २०२५ पर्यंत मुदत मिळाली, त्यानंतर काही महिने केवळ वाचन आणि माहिती उतरवून घेणे. इतक्या मोठ्या कंपनीची सेवाही कायमची नसते. त्यामुळे करार करतानाच आपली माहिती कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत आणि किती खर्चात परत मिळेल, हे लिहून घ्यावे. वर्षातून एकदा ती प्रत्यक्ष उतरवूनही पाहावी.

दुसऱ्या बाजूला, जुलै २०२५ मध्ये शेअरपॉइंटच्या एका गंभीर त्रुटीचा फायदा घेऊन जगभरातील सर्व्हरांवर हल्ले झाले. ते संस्थांनी स्वतःच्या जागेत चालवलेल्या सर्व्हरांवर झाले. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरील सेवेला त्या त्रुटीची बाधा नव्हती. हल्लेखोर सर्व्हरच्या गुप्त किल्ल्याच चोरत होते, त्यामुळे केवळ दुरुस्ती बसवून भागले नाही, किल्ल्याही बदलाव्या लागल्या. स्वतःचा सर्व्हर ठेवायचा तर दुरुस्त्या त्याच दिवशी बसवणारा माणूस हवा, आणि तो सुट्टीवर असेल तेव्हा दुसरा हवा. तीस-चाळीस कर्मचाऱ्यांच्या संस्थेला हे परवडत नाही. तिने तयार सेवाच घ्यावी. ज्यांना माहिती बाहेर ठेवता येत नाही, किंवा ज्यांच्याकडे संगणक विभाग सक्षम आहे, त्यांनीच स्वतःच्या सर्व्हरचा विचार करावा.

कायद्याकडेही दुर्लक्ष करून चालणार नाही. कर्मचाऱ्यांचे पत्ते, बँकखाती, वैद्यकीय कागद पोर्टलवर आले की डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ लागू होतो. त्याची नियमावली नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाली असून मुख्य जबाबदाऱ्यांच्या पूर्ततेसाठी १८ महिन्यांची मुदत दिली आहे. पुरेशी सुरक्षाव्यवस्था न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. याशिवाय सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती सहा तासांत कळवावी लागते आणि प्रणालीच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. सहा तासांत कोणी कोणाला फोन करायचा, हे आधीच ठरलेले असावे. ती यादी केवळ पोर्टलवर ठेवणे मात्र वेडेपणाचे ठरेल.

प्रत्यक्ष बदल करताना एका विभागापासून आरंभ करावा, शक्यतो ज्याला सध्याच्या गोंधळाचा सर्वाधिक ताप आहे त्याच्यापासून. तेथे चार-सहा आठवडे चालवून मग पुढे जावे. जुन्या सर्व फाईली नव्या घरात नेण्याचा मोह आवरावा. चालू कामाच्या आणि कायद्याने जपाव्या लागणाऱ्या फाईली न्याव्यात, बाकीच्या केवळ वाचनासाठी जागच्या जागी गोठवाव्यात. अडगळ हलवली तर शोधाच्या प्रत्येक निकालात ती डोके वर काढते.

आणि एक दिवस जुनी वाट बंद करावी लागते. दोन्ही वाटा खुल्या राहिल्या तर माणसे सवयीच्या वाटेनेच जातात, त्यांचा तो दोष नाही. 'अमुक तारखेपासून रजेचा अर्ज पोर्टलवरूनच मंजूर होईल' हे परिपत्रक निघाल्यावर पहिली कसोटी अधिकाऱ्यांची असते. महाव्यवस्थापकांनी स्वतःची रजा फोनवरून मंजूर करून घेतली, तर दुपारच्या जेवणापर्यंत ती बातमी सगळ्या कारखान्याला कळते. व्हॉट्सॲप गट मोडण्याची मात्र गरज नाही. तातडीचा निरोप, पाण्याचा टँकर आला, बस चुकली, यांसाठी तो उत्तमच आहे. तेथे फाईलऐवजी फक्त पोर्टलचा दुवा टाकायचा, एवढा एक नियम पाळला की दरपत्रकाच्या तीन प्रती होत नाहीत. दुवा उघडणाऱ्याला त्या क्षणी मान्य असलेली प्रतच दिसते, आणि ती कोणी, कधी बदलली हेही तिच्याखाली लिहिलेले असते.