परदेशात फोन हरवला तरी फोटो राहतील. पण तयारी घरूनच करून निघा

नेपाळला पशुपतिनाथाचं दर्शन, हज-उमराह, शेतकऱ्यांचा अभ्यास दौरा, नाहीतर दुबईत कामाला असलेल्या पोराकडे महिनाभर मुक्काम. गावाकडची माणसंही आता परदेशात जाऊ लागली आहेत. वेगळा कॅमेरा सहसा कोणी नेत नाही, सगळे फोटो फोनमध्येच असतात. फोन हरवला तर नवा घेता येतो. फोटो मात्र दुसरीकडे ठेवलेले असले तरच परत मिळतात.

बरेच जण म्हणतात, "आमचे फोटो गूगलवर आपोआप जातात." जात असतीलही, पण ते परत काढता येतात का, हे कोणी बघितलेलं नसतं. फोन घेताना दुकानदाराने किंवा भाच्याने जीमेल खातं उघडून दिलेलं असतं. पासवर्ड कोणालाच आठवत नाही. अशा वेळी फोटो गूगलवर असूनही हाती लागत नाहीत. म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी घरातल्या दुसऱ्या फोनवर आपलं खातं उघडून बघा. उघडलं नाही तर पासवर्ड तेव्हाच बदलून घ्या आणि वहीत लिहून ठेवा.

दुसरी अडचण ओटीपीची. नव्या फोनवर खातं उघडताना गूगल खात्री करून घेतं आणि कोड अनेकदा सिमवर येतो. सिम तर हरवलेल्या फोनातच गेलेलं असतं! त्यावर उपाय आहे. गूगल खात्याच्या सिक्युरिटी विभागात टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू केलं की बॅकअप कोड मिळतात. एका वेळी 10 कोड, प्रत्येक 8 आकडी, आणि एक कोड एकदाच चालतो. ते कागदावर उतरवून पासपोर्टच्या झेरॉक्ससोबत ठेवा, एक प्रत घरी द्या. फोनमध्येच फोटो काढून ठेवले तर काही उपयोग नाही.

आता जागेचं. गूगलवर 15 जीबी जागा फुकट मिळते, पण ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून. 1 जून 2021 पासून नवीन फोटो या जागेतच मोजले जातात. आयफोनवाल्यांना आयक्लाउडवर फुकट 5 जीबीच. एक फोटो साधारण 3 ते 5 एमबीचा, पण मिनिटभराचा चांगला व्हिडिओ 100 एमबीच्या घरात जातो. जागा संपली की बॅकअप थांबतो. जाण्याआधी जुने गुड मॉर्निंगवाले व्हिडिओ काढून टाका.

परदेशात रोमिंगचा डेटा महाग पडतो. गूगल फोटोजच्या सेटिंगमध्ये मोबाइल डेटावर आणि रोमिंगमध्ये बॅकअप बंद ठेवा, हॉटेलच्या वायफायवर रात्रभर चालू द्या. पण सगळीकडे हे जमेलच असं नाही. कैलास मानसरोवरला जाणाऱ्यांना तिबेटमधून जावं लागतं आणि चीनमधल्या इंटरनेटवर गूगल, व्हॉट्सअॅप बंद आहे.

म्हणून नेटवर अवलंबून नसलेला पेनड्राइव्ह जवळ हवाच. टाइप-सी पिनचा 64 जीबीचा घ्या, तो थेट फोनला लागतो. रोज रात्री फाइल्स अॅपमध्ये डीसीआयएम, मग कॅमेरा, हे फोल्डर उघडा आणि त्या दिवसाचे फोटो निवडून 'कॉपी' करा, 'मूव्ह' नको. दोन-चार फोटो पेनड्राइव्हवरून उघडून बघा. पेनड्राइव्ह फोनच्या पिशवीत ठेवू नका, जोडीदाराकडे द्या. विमानात सोपवायच्या मोठ्या बॅगेत तर नकोच.

"घरच्या ग्रुपवर टाकले की झालं" असंही काही जण म्हणतात. व्हॉट्सअॅपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो बारीक होतो. मोबाइलवर बरा दिसतो, पण मोठी फ्रेम करायला गेलं की फिसकटतो. महत्त्वाचे फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, मग मूळ फोटो जसाच्या तसा जातो.

फोन भरला म्हणून गूगल फोटोजमधून फोटो डिलीट करू नका. तिथून डिलीट केला की तो फोनमधूनही जातो आणि गूगलवरूनही. फक्त फोन मोकळा करायचा असेल तर 'फ्री अप स्पेस' वापरा, ते बॅकअप झालेलेच फोटो फोनमधून काढतं. चुकून डिलीट झालाच तर ट्रॅशमध्ये बघा. बॅकअप झालेला फोटो तिथे 60 दिवस राहतो, न झालेला 30 दिवस.