पावसात मैदान बंद, पण व्हॉलीबॉलचा सराव चालू ठेवता येतो. गोठ्याची भिंत आणि अंगण पुरेसं आहे

शाळा सुरू होऊन महिना झाला की तालुका पातळीवरच्या शालेय क्रीडा स्पर्धांची चर्चा सुरू होते. १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांचे सामने साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होतात. नेमक्या त्याच्या आधीच्या दिवसांत पाटण, जावळी, महाबळेश्वर भागात मैदानावर चिखल असतो. माण-खटावकडं पाऊस कमी, पण तिथंही संध्याकाळी लवकर अंधारून येतं आणि पोरांना घरची कामं असतात.

या स्पर्धा बहुतेक ठिकाणी बाद पद्धतीनं होतात. म्हणजे पहिला सामना हरला की गाडीत बसून घरी. वर्षभराची वाट एका तासात संपते. म्हणून स्पर्धेआधीचे चार आठवडे वाया घालवून चालत नाही.

घरचा सराव कामाला येतो का?

हिशोब करून बघा. मैदानावर १२ पोरं आणि बॉल एक. तासाभरात एकेकाच्या हाताला बॉल किती वेळा लागणार? घरी भिंतीवर मारलात तर मिनिटाला २० वेळा धरा, दहा मिनिटांत २०० वेळा हाताला बॉल लागतो. संघाचा खेळ मैदानावरच शिकावा लागतो, पण हात बसतो तो घरी.

आधी उंचीची खूण करा

पुरुषांच्या नेटची उंची २.४३ मीटर असते, म्हणजे आठ फुटाला थोडी कमी. महिलांची २.२४ मीटर, म्हणजे सात फूट चार इंच. लहान गटांसाठी नेट खाली घेतात, ते आपल्या क्रीडा शिक्षकांना विचारून घ्या. टेपनं मोजून भिंतीवर गेरूनं किंवा खडूनं आडवी रेघ मारा. भिंत नसेल तर दोन बांबूंना दोरी बांधा. पुढचा सगळा सराव या रेघेवर आहे.

१. अंडरहँड पास

समोरची सर्व्हिस उचलता आली नाही तर पुढं लिफ्ट नाही आणि स्मॅशही नाही. त्यामुळं पहिला नंबर याचा.

भिंतीपासून सात-आठ फुटांवर उभे रहा. पाय खांद्याएवढे फाकलेले, गुडघे वाकवलेले. दोन्ही हात जोडा, अंगठे शेजारी शेजारी, कोपरं सरळ. बॉल मनगटाच्या वर, हाताच्या सपाट भागावर घ्यायचा. मुठीवर किंवा अंगठ्यावर नाही. पोरं इथं हात जोरात वर फेकतात, मग बॉल कौलावर जातो. हात जवळजवळ स्थिर ठेवायचे, जोर गुडघ्यातून द्यायचा.

बॉल रेघेच्या वर लागला पाहिजे. पहिल्या आठवड्यात न चुकता २० जमवा, चौथ्या आठवड्यात ५०.

२. ओव्हरहेड पास, म्हणजे लिफ्टिंग

आधी नखं कापा. दोन्ही हात कपाळाच्या वर, अंगठे आणि पहिल्या बोटांची मिळून खिडकी करा. बॉल त्या खिडकीतून दिसला पाहिजे. बोटांच्या पेरांवर घेऊन लगेच वर ढकला. तळव्यात बसला की पंचांची शिट्टी वाजते.

पाऊस असेल तर पडवीत सतरंजीवर उताणं झोपून बॉल दोन-तीन फूट वर उडवत रहा. बॉल सरळ परत हातात आला तर दोन्ही हातांचा जोर सारखा आहे. कानाकडं गेला तर एक हात जास्त ढकलतोय, हे समजून घ्या.

३. सर्व्हिस

सेट २५ गुणांचा असतो आणि प्रत्येक चुकीला समोरच्याला गुण मिळतो. चार सर्व्हिस नेटमध्ये घातल्या तर चार गुण फुकट गेले. लिबेरो सोडला तर फिरत फिरत प्रत्येकाला सर्व्हिसला यावं लागतं, त्यामुळं 'मी स्मॅशर आहे' म्हणून सुटका नाही.

सर्व्हिस बिघडते ती बहुतेक वेळा बॉल वर टाकतानाच. म्हणून आधी आठवडाभर नुसता बॉल टाकायचा, मारायचा नाही. उजव्या हातानं मारत असाल तर डाव्या हातानं, उजव्या खांद्यासमोर, हातभर पुढं टाका आणि खाली पडू द्या. रोज एकाच जागी पडायला लागला की मग मारायला घ्या. भिंतीपासून सात-आठ पावलांवरून, तळव्यानं, रेघेच्या वर. रोज ३० पुरे. खांदा दुखायला लागला की थांबा.

शिट्टीनंतर सर्व्हिसला ८ सेकंद मिळतात. घरी सुद्धा मनात आकडे मोजून, श्वास घेऊनच मारायची सवय लावा. घाई केली की चूक होते.

४. स्मॅशची पावलं

याला बॉल लागत नाही. उजव्या हाताच्या खेळाडूनं डावं, उजवं, डावं अशी तीन पावलं टाकायची. पहिलं लहान, दुसरं लांब, तिसरं झटकन शेजारी. दोन्ही हात मागून वर आणत उडी. उतरताना दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून. एका पायावर उतरायची सवय गुडघ्याला महागात पडते.

कोब्यावर किंवा फरशीवर उड्या नकोत. मऊ, कोरड्या मातीवर दिवसाला २०, एक दिवस आड.

मोबाईलचा उपयोग करा

बाजूला मोबाईल टेकवून ठेवा आणि एक मिनिटाचा व्हिडिओ काढा. मग संथ गतीनं बघा. कोपर वाकतंय का, गुडघा सरळ राहतोय का, हे स्वतःला खेळताना कळत नाही. व्हिडिओत लगेच दिसतं. शिक्षकांना पाठवला तर तेही चूक सांगतील.

एवढं सांभाळा

शेवाळलेल्या अंगणात खेळू नका. मोटारीची किंवा विजेची वायर लोंबत असेल तिथं तर अजिबात नाही. बॉल भिजला की जड होतो, पुसून सुकवा. नियमाचा बॉल २६० ते २८० ग्रॅमचा असतो. लहान पोरांना सुरुवातीला हलका बॉल चालेल.

बोट मुरगळलं तर आपल्याकडं ते ओढायची पद्धत आहे. ओढू नका. थंड पाण्यात धरा. सूज वाढली किंवा बोट वाकडं दिसलं तर डॉक्टरला दाखवा.

गावच्या स्पर्धेत शूटिंग खेळणाऱ्या पोरांनी एक लक्षात ठेवावं. शालेय सामन्यांचे नियम वेगळे आहेत. तिथली हाताची सवय इथं फाऊल ठरू शकते.

आई-वडिलांसाठी

मुलींचा सराव सगळ्यात आधी बुडतो. मैदान लांब, परत येताना अंधार, वर घरचं काम. अंगणात अर्धा तास मिळाला तर हा प्रश्न बराच सुटतो. धाकट्या भावाला समोरून बॉल टाकायला लावा, भिंतीपेक्षा चांगला सराव होतो. शिवाय जिल्हा, विभाग, राज्य असं पुढं खेळत गेलं तर दहावी-बारावीला खेळाच्या सवलतीच्या गुणांसाठी अर्ज करता येतो. कोणत्या पातळीला किती गुण, ते शाळेत आधीच विचारून ठेवा आणि प्रमाणपत्रं जपून ठेवा.

रोजचा हिशोब सोपा ठेवा. पाच मिनिटं अंग मोकळं करायचं, दहा मिनिटं अंडरहँड, दहा लिफ्टिंग, दहा सर्व्हिस किंवा स्मॅशची पावलं. न चुकता किती जमले तो आकडा वहीत लिहा. ऊन पडून मैदान वाळलं की त्या दिवशी सगळ्यांनी मिळून खेळा, म्हणजे कुणाचा हात कुठं बसला आणि कुणाला अजून कुठं घाम गाळायचाय ते कळेल.