लेखांक ५ : संशोधनाआधीचा दवाखाना

मागच्या लेखात आपण मोठ्या शहरी रुग्णालयांमधल्या औषधचाचण्या पाहिल्या. जो रुग्ण तिथवर पोचतच नाही, तो अभ्यासातही येत नाही. त्याच्यापर्यंत संशोधन न्यायचं कसं, हे पाहायला यावेळी म्हैसूरला जाऊ.

म्हैसूरचं हेब्बाळ म्हटलं की औद्योगिक वसाहत आणि इन्फोसिसचा विस्तीर्ण परिसर आठवतो. स्वामी विवेकानंद यूथ मूव्हमेंटचं मुख्य कार्यालयही तिथेच आहे. आर. बालसुब्रमण्यम आणि त्यांच्या मेडिकलच्या मित्रांनी १९८४ साली ही संस्था काढली आणि पुढे हेग्गडदेवनकोटे तालुक्यात जेनू कुरुबा, काडू कुरुबा आदिवासींमध्ये काम सुरू केलं. धरण आणि अभयारण्यापायी उठवलेली ही माणसं. आधी ब्रह्मगिरीला दवाखाना, मग केंचनहळ्ळीला आणि सरगूरला रुग्णालय. माझ्या मते आधी उपचार, मग संशोधन हा क्रमच महत्त्वाचा आहे. जिथे ताप आल्यावर कुणी बघायला नाही, तिथे प्रश्नावली घेऊन जाणं हा अन्याय आहे.

याच म्हैसुरात होल्ड्सवर्थ मेमोरियल हे जुनं मिशन हॉस्पिटल आहे. तिथे १९३४ पासून जन्मलेल्या बाळांचं वजन, लांबी आणि डोक्याचा घेर नोंदलेला सापडतो. रोजचं काम नीट करायचं म्हणून केलेल्या या नोंदी. १९९०च्या दशकात कॅरोलिन फॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतली माणसं शोधून काढली. ती आता मध्यम वयाची झाली होती. तपासलेल्या ५१७ जणांपैकी जन्मतः अडीच किलो किंवा कमी वजनाच्या लोकांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण ११ टक्के होतं, तर ३.१ किलोच्या पुढच्यांमध्ये ३ टक्के. आईच्या पोषणाचा प्रश्न मुलाच्या हृदयापर्यंत पोचतो, हा धागा त्या रोजच्या नोंदींमुळे हाती आला. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतली रजिस्टरं मात्र बहुतेकदा वर अहवाल पाठवण्यापुरती भरली जातात. संशोधन वाढवायचं तर पहिला खर्च इथे व्हायला हवा.

दुसरा खर्च माणसांवर. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने बालन्यूमोनियावर काम केलं, तेव्हा दायांना मोठे आकडे मोजता येत नव्हते. मग मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी असं साधन तयार झालं. बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मिनिट संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजून औषध द्यायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी लाल मणी सहावा, मोठ्यासाठी पाचवा. पुढे ३९ गावांत आरोग्यदूत बायकांनी नवजात बाळांची घरीच काळजी घेतली. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजातमृत्यू, तुलनेच्या गावांतला बदल धरून, ६२ टक्क्यांनी घटले होते. ‘लॅन्सेट’मध्ये हे १९९९ साली छापून आलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी फेऱ्या मारतात, त्यामागे हे काम आहे. म्हणून संशोधनाचं जादा काम आशांवर टाकायचं, तर त्याचे पैसे वेगळे आणि वेळेवर मिळाले पाहिजेत. फुकट राबवून घेणं बंद व्हावं.

आणि संमती. तेव्हा आंध्रात असलेल्या खम्मममध्ये आदिवासी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प २०१० साली थांबवावा लागला. वसतिगृहांतल्या कित्येक मुलींच्या अर्जांवर आईबापांऐवजी वॉर्डनच्या सह्या होत्या. पाड्यावरच्या बाईला ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे आणि तसं म्हटल्यावरही तिचा उपचार चालू राहिला पाहिजे. हे दुसरं तिला खरं वाटण्यासाठी दवाखाना आधीपासून तिच्या ओळखीचा असावा लागतो.

पुढच्या लेखात बार्शी. तिथून चाललेल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या अभ्यासात १,३१,७४६ स्त्रिया होत्या. त्यांतल्या एका गटाला तपासणी न देता फक्त माहिती दिली गेली. ते योग्य होतं का, हे आपण सविस्तर पाहू.