बिऱ्हाडांतील भट्टी

बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते आणि मधून बालाघाटाची डोंगररांग जाते. येथील घरोघरचें रोजचें अन्न म्हणजे ज्वारीची भाकरी. या जिल्ह्यांतून दरवर्षीं अनेक तरुण शिक्षणासाठीं आणि स्पर्धापरीक्षांसाठीं पुण्यास जातात, सदाशिव किंवा नारायण पेठेंत खोली घेतात व खाणावळीचा डबा लावतात. पहिले दिवस नवेपणांत निघून जातात. पुढें घरची भाकरी आठवूं लागते. भाकरी थापणें हें बायकांचें काम, अशी घरची समजूत असल्यामुळें मुलाच्या हाताला तें वळण नसतें. अखेर एके दिवशीं तो पीठ आणि तवा घेऊन येतो, आणि पहिल्या भाकरीचे तुकडे परातींतून वेंचतो.

या विद्येची गोडी येथेंच सुरू होते. भाकरी मोडते याचें कारण केवळ हाताचा नवखेपणा नव्हे. धान्याचा स्वभावही तसा आहे. गव्हाचें पीठ भिजवलें कीं त्यांत ग्लुटेन नांवाचें चिवट द्रव्य तयार होतें आणि तें कणीक ताणून धरतें. ज्वारींत तें नाहीं. म्हणून पाणी कढत घ्यावयाचें. सुमारें 70 अंश सेल्सिअसला ज्वारीच्या पिठांतील पिष्टकण पाणी पिऊन फुगतात, चिकट होतात आणि खळीप्रमाणें पीठ बांधून ठेवतात. एकेका भाकरीपुरतें पीठ ऐन वेळीं तळहातानें रगडून मळावें, म्हणजे कडा चिरत नाहींत. भाकरी तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवावा, म्हणजे तिचें वरचें अंग वाळून तडकत नाहीं. तें पाणी सुकत आलें कीं ती उलटावी व शेवटीं विस्तवावर धरावी. आंतील ओलाव्याची वाफ होते, ती पापुद्रा उचलते, आणि भाकरी टम्म फुगते.

भाकरी साधली कीं भट्टींतील पदार्थांचा मोह होतो. केवळ ज्वारीचा हलका पाव मात्र होत नाहीं. कारण खमिरानें निर्माण केलेला वायु कोंडून धरावयास ग्लुटेनच लागतें. परंतु जी उणीव पावाला नडते, तीच नानकटाईला उपकारक ठरते; खुसखुशीत पदार्थाला चिवटपणा नकोच असतो. पाऊण वाटी ज्वारीचें पीठ, पाव वाटी बेसन, अर्धी वाटी पिठीसाखर, अर्धी वाटी घट्ट तूप, वेलदोड्याची पूड व चिमूटभर खाण्याचा सोडा घ्यावा. तूप व साखर हलकी होईपर्यंत फेंसावी, मग बाकीचे जिन्नस मिसळून चपट्या गोळ्या वळाव्या. खोलींत भट्टी नसली तरी अडत नाहीं. जाड बुडाच्या पातेल्यांत बोटभर मीठ पसरून त्यावर तिवई ठेवावी आणि झांकण घालून दहा मिनिटें तापवावें. मिठाच्या थरामुळें बुडाशीं एकदम चटका बसत नाहीं. नंतर ताटलींत गोळ्या ठेवून मंद आंचेवर वीस ते पंचवीस मिनिटें भाजाव्या. बाहेर काढतांना त्या मऊ लागतात. निवल्यावर खुसखुशीत होतात. हें ठाऊक नसलेला नवशिका त्या पुन्हां भाजून करपवतो.

खोलीभर दरवळलेला तो वास आणि शेजारच्या खोलींतून आलेले दोघे मित्र, एवढ्यानें परक्या शहरांत घर उभें राहतें. परंतु घर सोडून चूल मांडणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्यास हा आनंद येत नाहीं. याच जिल्ह्यांतून दरसाल दिवाळीच्या सुमारास लक्षावधी ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत जातात. तेथें नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. कोपींत राहणारी ती बाई पहाटेपूर्वीं उठून तीन दगडांच्या चुलीवर भाकऱ्या करते, आणि नंतर नवऱ्याच्या बरोबरीनें उसाच्या फडांत उतरते. तिला हौसेची सवड नाहीं आणि मोडलेली भाकरी टाकून देण्याची ऐपतही नाहीं.

ज्या तरुणानें एका भाकरीसाठीं हात पोळून घेतले आहेत, त्याला या श्रमाचें मोल सांगावें लागत नाहीं. सुट्टींत घरीं गेल्यावर त्यानें आईपुढची परात आपल्याकडे ओढावी आणि तिला एक दिवस तरी गरम भाकरी वाढावी.