आभारदिन आणि भिंतीवरील अक्षरें

अमेरिकेंत नोव्हेंबर महिन्याच्या चौथ्या गुरुवारीं 'थँक्सगिव्हिंग' नांवाचा सण साजरा होतो. मराठींत आपण त्यास आभारदिन म्हणूं. इ. स. १६२१ च्या शरदांत प्लिमथ येथील इंग्रज वसाहतवाल्यांनीं तेथील मूळच्या वांपानोआग लोकांसह सुगीचें जेवण केलें, त्याची आठवण या सणाशीं जोडलेली आहे. अब्राहम लिंकन यांनीं १८६३ सालीं त्याला राष्ट्रीय सणाचें रूप दिलें, आणि १९४१ च्या कायद्यानें चौथा गुरुवार कायम झाला. शेजारच्या कॅनडांत हाच सण ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारीं येतो. त्या दिवसांत झाडांचीं पानें तांबडीं-पिवळीं होऊन गळूं लागतात, शेतांतील भोपळे व मका घरांत येतो. दारावर वाळक्या पानांचें कडें, मेजावर भोपळे, आणि सारें कुटुंब एका पंगतीस, असा या सणाचा थाट असतो. तेथील मुसलमान कुटुंबांनीं हा दिवस आपल्या घरांत आणतांना भिंतीचें साहाय्य कसें घ्यावें, याविषयीं आज श्रोत्यांशीं चार शब्द बोलावयाचे आहेत.

हा प्रश्न केवळ शोभेचा असता तर त्यावर इतका वेळ खर्च करण्याचें कारण नव्हतें. माझा एक जुना विद्यार्थी, रत्नागिरी जिल्ह्यांतील कोंकणी मुसलमान घराण्यांतला, बरींच वर्षें न्यू जर्सी संस्थानांत राहत आहे. त्यानें मला एकदां लिहिलें कीं, मुलें शाळेंतून टर्की पक्ष्याचीं कागदी चित्रें करून आणतात, भिंतीला चिकटवितात, आणि त्यांची आजी विचारते, "हा रे आपला कुठला सण?" आजीचा प्रश्न रास्त आहे. कांहीं मौलवी म्हणतात कीं, इस्लामांत सण दोनच, आणि ते म्हणजे दोन ईद. तिसरा कशास हवा? दुसरे म्हणतात कीं, हा कोणत्याहि धर्माचा विधि नव्हे. कुटुंबानें एकत्र बसून शास्त्रास मान्य असें अन्न खावें आणि ईश्वराचे आभार मानावे, यांत बाध कसला? शिवाय त्या देशाचे कांहीं मूळ रहिवासी १९७० पासून याच दिवशीं प्लिमथ येथें जमून शोक पाळतात, हेंहि विसरतां कामा नये. या वादाचा निवाडा करणें माझ्या अधिकाराबाहेरचें आहे. परंतु ज्या घरीं हा दिवस पाळावयाचा ठरला, त्या घरीं आजीला आणि नातवंडांना एका पंगतीस बसविण्याचें काम भिंतीवरची एक ओळ करूं शकते, असें मला वाटतें. ती ओळ म्हणजे 'अल्हम्दुलिल्लाह'. सर्व स्तुति ईश्वराची, असा तिचा अर्थ. जेवण झालें, शिंक आली, कोणी खुशाली विचारली, कीं मुसलमान माणसाच्या तोंडून हाच शब्द निघतो. आभारदिनास याहून जवळचा शब्द आजीला तरी कोठून सांपडणार?

आतां भिंतीवर शब्दच कां, चित्र कां नाहीं, असें कोणी विचारील. मशिदींत व कुराणाच्या पोथ्यांत सजीव प्राण्यांचीं चित्रें काढीत नाहींत, हें पुष्कळांस ठाऊक असतें. चित्रकाराची ती जागा लेखनकारानें घेतली. याचें उत्तम उदाहरण तुर्कस्तानांत आढळतें. पैगंबरांचें चित्र तर लावावयाचें नाहीं. पण त्यांची आठवण डोळ्यांपुढें हवी. म्हणून त्यांच्या रूपाचें आणि स्वभावाचें वर्णन वर्तुळांत सुंदर अक्षरांनीं लिहून तो फलक घरांत टांगण्याची चाल तेथें पडली. या फलकास 'हिल्ये' म्हणतात, आणि त्याची सर्वमान्य झालेली मांडणी सतराव्या शतकांत इस्तंबूलच्या हाफिज उस्मान यांनीं बसविली. तात्पर्य, असा फलक ही मुळांत वाचावयाची वस्तु आहे. ज्याला ती वाचतां येत नाहीं, त्यानें ती निदान कोणाकडून तरी वाचून घ्यावी, आणि मगच खिळा ठोकावा.

या अक्षरांचें सौंदर्य कशांत आहे, तें आमच्या पिढीच्या माणसांस समजावून देणें सोपें आहे. आमच्या लहानपणीं शाळेंत सुलेखनाला बोरू असे. त्याचें टोंक तिरपें छाटावें लागे. छाट बिघडली कीं अक्षर बिघडलेंच. अरबी लेखनाची कलम या बोरूची सख्खी बहीण होय. तीच तिरपी छाट, तीच काजळी व डिंक यांची शाई, आणि हात वळेल तशी जाड-बारीक होणारी तीच रेघ. मात्र ओळ उजवीकडून डावीकडे चालते. दहाव्या शतकाच्या आरंभीं बगदाद येथें इब्न मुक्ला नांवाचा एक वजीर होऊन गेला. कलम कागदावर टेंकून ओढली असतां जो चौकटच्या आकाराचा ठिपका उमटतो, तोच माप धरून त्यानें अक्षरांचीं प्रमाणें बांधून दिलीं. अलिफ म्हणजे एक उभी रेघ. मोठ्या फलकांसाठीं वापरतात त्या सुलुस लिपींत ती साधारणपणें सात ठिपके उंच असते, आणि इतर अक्षरें तिच्या मानानें बेततात. म्हणून चांगला फलक दुरूनहि तोललेला दिसतो. कूफी ही याहून जुनी, कोनाकोनांची लिपि. तिच्या चौकोनी प्रकाराचे फलक सध्यां फार खपतात, आणि नव्या घरांच्या सपाट भिंतींवर ते शोभतातहि. परंतु ती अक्षरें कोड्यासारखीं असतात. ज्या भिंतीवरून मुलांनीं वाचावें अशी इच्छा आहे, तेथें सुलुस किंवा नस्ख बरी, असें माझें शिक्षकी मत आहे.

'अल्हम्दुलिल्लाह' हें मुलांस शिकविण्यास सोयीचेंहि आहे. त्यांत आठ अक्षरें. त्यांपैकीं चार उंच उभ्या रेघांचीं, आरंभीं अलिफ व लाम आणि पुढें दोन लाम. शिवाय साऱ्या ओळींत एकहि नुक्ता नाहीं. बारीक स्वरचिन्हें असतात तीं निराळीं. तिसऱ्या अक्षराखालीं नुक्ता पडला तर 'ह' चा 'ज' होतो, वर पडला तर 'ख' होतो. एवढ्यावरून एक लहानसा धडा सहज होईल.

या ज्ञानाचा बाजारांतहि उपयोग आहे. हल्लीं कापडावर छापलेले आणि पोलादी पत्र्यांतून कापलेले फलक स्वस्त मिळतात, आणि त्यांतले कांहीं निखालस चुकीचे असतात. कारण असें कीं, अरबी अक्षरें शब्दांत एकमेकांस जोडून लिहितात. अठ्ठावीसांपैकीं केवळ सहा अक्षरें पुढच्याला हात देत नाहींत. संगणकांत त्या लिपीची नीट सोय नसली म्हणजे सारीं अक्षरें सुटीं होतात आणि ओळहि उलट्या दिशेनें छापली जाते. साध्या एका ओळींत लिहिलेलें 'अल्हम्दुलिल्लाह' तीन तुकड्यांत दिसलें पाहिजे: उजवीकडे एकटा अलिफ, मग चार अक्षरांची एक सांखळी, मग तीन अक्षरांची दुसरी. आठ तुकडे दिसले तर तो फलक दुकानदारास परत करावा. सोनेरी चौकटीनें तो दोष झांकत नाहीं.

फलक लावावा कोठें? जेवणाच्या खोलींत, पंगतीस बसलेल्यांना मान न वळवितां दिसेल अशा भिंतीवर, डोळ्यांच्या पातळीहून किंचित् उंच. चुलीच्या वाफेपासून, शेकोटीच्या आंचेपासून आणि समोरून येणाऱ्या उन्हापासून तो दूर असावा. कारण शाई विटते व कागद पिवळा पडतो. न्हाणीघराकडे तो कधींच लावीत नाहींत. फलक पुष्कळ नकोत. एका भिंतीवर पांच वचनें टांगलीं तर एकहि वाचलें जात नाहीं. दुसरा हवाच असेल तर कृतज्ञांस अधिक देण्याचें ज्यांत अभिवचन आहे, तें कुराणांतील इब्राहीम नांवाच्या सूरेचें सातवें वचन समोरच्या भिंतीवर लावावें.

भोपळे, मक्याचीं कणसें, मेणबत्त्या, वाळकीं पानें यांची जागा मेजावर किंवा फलकाखालच्या फळीवर. पवित्र अक्षरांना पानांच्या माळांनीं गुंडाळूं नये, आणि टर्कीचीं चित्रें त्यांच्या शेजारीं लावूं नयेत. मुलांची हौस आहे, तर दिवाणखान्याचें दार त्यांना मोकळें सोडावें. पानांचें मात्र इस्लामी कलेला वावडें नाहीं. सोळाव्या शतकांतील इझनिकच्या कौलांवर लांब, वळलेलीं, कंगोरेदार पानें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांना शरदांतल्या पानगळीची आठवण आल्याशिवाय राहणार नाहीं. तसल्या नक्षीचें एखादें कौल किंवा थाळी फळीवर ठेवली तर ऋतु आणि घर यांचा मेळ अधिक नेटका बसेल. आणखी एक सांभाळावें. ईश्वराचें नांव छापलेले कागदी रुमाल व पत्रावळी हल्लीं मिळूं लागल्या आहेत. जेवण आटोपलें कीं त्या कचऱ्यांत जातात. आजीला हें पाहवणार नाहीं, आणि तिचें म्हणणें मला पूर्णपणें मान्य आहे. जुन्या रीतीप्रमाणें असा कागद जमिनींत पुरतात किंवा वाहत्या पाण्यांत सोडतात.

हातानें लिहिलेला फलक ज्यांना परवडत असेल, त्यांनीं तो अवश्य घ्यावा. अमेरिकेंतहि हें लेखन करणारे लोक आहेत. त्यांतील मोहम्मद झकारिया यांचा जन्म १९४२ सालीं कॅलिफोर्नियांत झाला, आणि १९८८ सालीं इस्तंबूल येथून लेखनाची रीतसर इजाजत मिळविणारे ते पहिले अमेरिकन ठरले. अमेरिकन टपालखात्यानें सप्टेंबर २००१ मध्यें ईदनिमित्त ३४ सेंटांचें तिकीट काढलें. निळ्या भूमीवरील त्याचीं सोनेरी अक्षरें झकारियांच्याच हातचीं आहेत.

त्याच वर्षीं आभारदिन रमजानच्या महिन्यांत आला होता. मुसलमानी वर्ष चांद्र असल्यामुळें तें दर सालीं सुमारें अकरा दिवस अलीकडे सरकतें. २००१ व २००२ या दोन्ही सालीं तेथील मुसलमान कुटुंबांचें सणाचें ताट सूर्यास्तानंतर, रोजा सोडूनच वाढलें गेलें. २००३ सालीं ईद होऊन दोन-तीन दिवस झाले होते. असा योग आतां २०३३-३४ च्या सुमारास पुन्हा येईल, आणि त्या वेळीं फलकाखालच्या फळीवर भोपळ्यांशेजारीं खजुरांच्या ताटलीलाहि जागा करावी लागेल.