दोन वह्या



ज्या घरांत एखादें मूल हांक मारली असतां वळून पाहत नाहीं, किंवा दहाव्या वर्षींही स्वतःच्या हातानें जेवूं शकत नाहीं, त्या घरांत लिखाणाला तोटा नसतो. औषधांच्या वेळा, आंकडी आल्याच्या तारखा, अपंगत्वाच्या दाखल्याचे अर्ज, शाळेचे अहवाल यांनीं फायली फुगत जातात. त्यांत मुलाविषयीं सारें कांहीं असतें; त्याच्या आईला रात्रीं झोंप कां येत नाहीं, एवढें मात्र कोठेंच नसतें.

या पहिल्या वहीचें मोल थोडें नव्हे. अमेरिकेंत मिसिसिपी संस्थानांतील फॉरेस्ट गांवीं बीमन ट्रिप्लेट नांवाचे वकील राहत. त्यांचा मुलगा डॉनल्ड माणसांकडे लक्ष देत नसे. गरगर फिरणाऱ्या वस्तूंत मात्र रमून जाई. १९३८ सालीं बाल्टिमोरच्या डॉ. लिओ कॅनर यांना तो दाखविण्यापूर्वीं वडिलांनीं त्याची हकीकत ३३ टंकलिखित पानांत पाठविली. १९४३ सालीं कॅनर यांनीं अकरा मुलांवरून स्वमग्नतेवरील आपला विख्यात निबंध लिहिला. त्यांतलें पहिलें मूल हा डॉनल्ड. तो पुढें पदवीधर झाला, बँकेंत नोकरीस राहिला आणि २०२३ सालीं ८९ व्या वर्षीं वारला. परंतु गंमत अशी, कीं त्या पत्राचा एवढा उपयोग करून घेणाऱ्या कॅनर यांनींच त्यांतील अतितपशिलावर बोटही ठेवलें! आईबापांच्या थंडपणानें मूल असें होतें, हा प्रवाद त्यानंतर कित्येक वर्षें आयांच्या माथीं राहिला. शास्त्रानें तो केव्हांच निकालांत काढला आहे. आपल्या माजघरांतून तो अद्याप ऐकूं येतो, ही गोष्ट निराळी.

अशा आईला दुसरी वही हवी, ती डॉक्टरांसाठीं नव्हे, स्वतःसाठीं. १९८६ सालीं जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटें लिहावयास बसविलें. कांहींना क्षुल्लक विषय दिला, कांहींना आयुष्यांतील क्लेशकारक प्रसंग. ज्यांनीं प्रसंग आणि त्या वेळच्या भावना दोन्ही लिहिल्या, त्यांना लगेच बरें वाटलें नाहीं, उलट अधिक वाईट वाटलें. पण पुढील सहा महिन्यांत त्यांचें दवाखान्यांत जाणें कमी झालें. अशा १४६ अभ्यासांचा आढावा जोन फ्रॅटारोली यांनीं २००६ सालीं घेतला, तेव्हां लाभ खरा पण लहान असा निष्कर्ष निघाला. याहून मोठें आश्वासन जो देईल, त्याच्यापासून दूरच राहावें.

लिहावें तें असें : मूल शाळेंत असतां किंवा दुपारच्या निवांत वेळीं, झोंपण्याच्या तोंडावर नव्हे. शुद्धलेखनाकडे पाहूं नये. शेजारच्या मुलाचा पहिला नंबर ऐकून पोटांत काय कालवलें, रस्त्यांत लोक वळून पाहूं लागले तेव्हां राग लोकांचा आला कीं मुलाचा, नवरा कचेरींत सुटतो याचा हेवा वाटतो काय, हें सारें कागदावर येऊं द्यावें. मुलाचा राग येणें म्हणजे त्याच्यावर माया नसणें, असें नाहीं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं ‘हें कशामुळें झालें’ आणि ‘आतां मला काय कळतें’ अशीं वाक्यें आपोआप येऊं लागलीं, तर लिखाण योग्य वळणावर आहे. तेंच रडगाणें शब्दशः फिरून येत असेल, किंवा लिहितांना मन फार घाबरें होत असेल, तर वही मिटावी. वडिलांनींही लिहावें, त्यांच्या दुःखाला तर घरांत जागाच नसते. कपाटाला कुलूप नसेल, तर पान फाडून टाकावें; कोणी वाचण्याची जरुरी नाहीं.

आठवडेच्या आठवडे झोंप उडाली असेल, किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर तें वहीचें काम नव्हे; डॉक्टरांकडे जावें, किंवा सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा.

या दुसऱ्या वहींत एक वाक्य बहुतेक सर्वांच्या हातून उतरतें : ‘आमच्या पश्चात्‌ याचें कोण ?’ तें फाडूं नये, पहिल्या वहींत उतरून घ्यावें. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्या प्रौढ व्यक्तींसाठीं १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वयें पालक नेमतां येतो. त्यासाठीं जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो, आणि मूल अठरा वर्षांचें होण्यापूर्वींच नात्यांतल्या कोणाशीं तरी तें बोलणें काढावें लागतें.