डिस्क फिरते, पण मराठी दिसत नाही

तानसा धरणाच्या पट्ट्यात, आटगाव-अघईकडे किंवा शहापूर-मुरबाडच्या बाजारपेठेत, एखाद्या पोटमाळ्यावर जुना पेंटियम अजून सापडेल. लग्नपत्रिका, शाळेची स्मरणिका, गावकीचा हिशेब, सगळं त्यावर झालेलं असतं. सोबत जुनी हार्ड डिस्क. ‘लॅपटॉपला लावून बघू,’ असं घरातलं कोणीतरी म्हणतंच. मी म्हणेन, जरा थांबा.

इथला पावसाळा चार महिने भिंतींना ओल आणतो; पिनांवर गंज चढतो. डिस्क आधी कोरड्या खोलीत काही दिवस राहू द्या. डिस्क डब्यातली, म्हणजे बाहेरून जोडायची असेल, तर तिचा अडॅप्टर मल्टिमीटरने तपासा. कित्येकदा मेलेला असतो अडॅप्टर आणि भंगारात जाते डिस्क.

मग खाच बघा. यूएसबी आली 1996 मध्ये. त्याआधी बाहेरची डिस्क प्रिंटरच्या पोर्टला लागायची किंवा स्कझी (SCSI) नावाच्या जोडणीला. 1986 च्या मॅकिंटॉश प्लसला स्कझी होतीच. एका साखळीत सात उपकरणं, प्रत्येकाला वेगळा क्रमांक आणि टोकाला टर्मिनेटर. दोघांना एकच क्रमांक पडला की साखळी गोंधळलीच. पीसीच्या पोटातल्या डिस्कला मात्र चाळीस पिनांची आयडीई पट्टी असते.

आयडीईची डिस्क यूएसबीला जोडणारी स्वस्त केबल मिळते, आणि खरी फसगत तिथेच होते. ही केबल डिस्ककडे माहिती मागते ती सलग क्रमांकाने. नव्वदीच्या सुरुवातीच्या कित्येक डिस्कना सिलिंडर, हेड, सेक्टर एवढीच भाषा कळते. लॅपटॉप म्हणतो, डिस्क नाही. तीच डिस्क तिच्या काळच्या संगणकात सुखाने फिरते. तिथे अडचण वेगळी: मदरबोर्डवरची बॅटरी संपलेली असते आणि बायोस डिस्कचे आकडे विसरलेला असतो. ते बहुधा डिस्कच्याच लेबलवर छापलेले असतात, पुन्हा भरायचे.

म्हणून जुन्या डिस्कला आधी जुनाच संगणक द्यावा, या मताचा मी आहे. तिथून लॅपटॉपपर्यंत यायला मधलं ठिकाण लागतं. अघईचा माणूस मुंबईला निघाला की आटगावला लोकल पकडतो, तसंच हे. आयडीईची खाच आणि यूएसबी दोन्ही असलेला, विंडोज 2000 चालणारा संगणक या कामाला उत्तम. विंडोज 98 पेनड्राइव्हसाठी वेगळा ड्रायव्हर मागतं.

उलट्या दिशेची हौसही असते: जुन्या संगणकाला नंतरच्या काळातली डिस्क जोडायची. भारतात ‘डीबी स्पेक्ट्रम’ या नावाने विकला गेलेला घरगुती संगणक 48 केबी स्मृतीचा, आणि प्रोग्रॅम कॅसेटवर. या शतकात हौशी मंडळींनी ‘डिव्हआयडीई’ नावाचं कार्ड करून स्पेक्ट्रमला हार्ड डिस्क जोडली. डिस्क एका वेळी सोळा बिट देते, स्पेक्ट्रमचा रस्ता आठांचा. मग उरलेले आठ क्षणभर कार्डावर थोपवून धरायचे. कॅसेट लोड होईपर्यंत मिनिटं मोजलेल्यांनाच यातली मजा कळेल.

आपल्याकडचा पेच मात्र डिस्क चालू लागल्यावर सुरू होतो. फाइल उघडते, आणि स्मरणिकेच्या जागी इंग्रजी अक्षरांचा, चिन्हांचा कचरा दिसतो. फाइल बिघडलेली नसते. युनिकोड रुळण्याआधी श्रीलिपी, आकृती किंवा पुण्याच्या सी-डॅकचं आयएसएम वापरून मराठी टाइप व्हायचं. यातल्या बऱ्याच फाँटांत इंग्रजी चिन्हांच्या क्रमांकांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत, आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी. फाँट हाताशी असेल तर पान लगेच वाचता येतं, युनिकोडमध्ये बदलताही येतं. तो नसेल तर कोणत्या चिन्हाचं कोणतं अक्षर, हे शोधत बसायचं.

तेव्हा कागदपत्रांच्या फाइल उतरवून घेतल्यात म्हणून काम झालं असं समजू नका. विंडोजमधला फाँट्सचा फोल्डर आणि श्रीलिपी-आयएसएमचे फोल्डरही सोबत घ्या, फाँटची नावं कागदावर लिहून ठेवा, आणि मगच तो पेंटियम भंगारवाल्याला द्या.